देशाचे नागरिक, गावाचे परके

१ ऑक्टोबर २०२४ रोजी जम्मू-काश्मीर विधानसभेच्या निवडणुकीचा तिसरा आणि अखेरचा टप्पा पार पडला. रणवीरसिंहपुरा, सांबा, हिरानगर, अखनूर या सीमेलगतच्या पट्ट्यातील अनेक मतदानकेंद्रांवर त्या दिवशी सणासारखे वातावरण होते. सत्तरी ओलांडलेली माणसे नातवंडांच्या आधाराने रांगेत उभी होती आणि आयुष्यात प्रथमच आपला आमदार निवडीत होती. ही माणसे कोठून नव्याने आलेली नव्हती. त्यांतील कित्येकांचा जन्म जम्मूतच झालेला, शेती तेथलीच, स्मशानही तेथलेच. लोकसभेसाठी त्यांना मताचा अधिकार होता. म्हणजे देशाचा पंतप्रधान कोण व्हावा याविषयी त्यांचे मत ग्राह्य होते. गावचा सरपंच कोण व्हावा याविषयी मात्र त्यांना विचारण्याचे कारण नव्हते! नागरिकत्वाची अशी फाळणी जगातील दुसऱ्या कोणत्या लोकशाहीने केली असेल असे वाटत नाही. पश्चिम पाकिस्तानातून आलेले निर्वासित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजाची कथा महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून ती थोडी तपशिलाने सांगणे आवश्यक आहे.

जम्मू ते सियालकोट हे अंतर जेमतेम ४० किलोमीटरांचे. १८९० पासून ही दोन शहरे रेल्वेने जोडलेली होती. जम्मूचा व्यापार सियालकोटच्या बाजारपेठेशी बांधलेला, सोयरीकही इकडून तिकडे होत असे. १९४७ साली फाळणीचा वणवा पेटला तेव्हा सियालकोट परिसरातील खेड्यांतून पायी निघालेल्या माणसाला अमृतसरपेक्षा जम्मू जवळ होते. जीव मुठीत धरून धावणारा माणूस वाटेत संस्थानची हद्द लागते की ब्रिटिश पंजाबची, याची चौकशी करीत नाही. अशी ५,७६४ कुटुंबे जम्मू विभागात स्थिरावल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतील बहुसंख्य अनुसूचित जातींतील: शेतमजूर, कारागीर, थोडीफार जमीन कसणारे. मोठे जमीनदार, वकील, व्यापारी यांच्यापाशी ओळखी होत्या, ते दिल्लीपर्यंत पोहोचले. ज्यांच्यापाशी काहीच नव्हते ते पहिल्या सुरक्षित गावात थांबले आणि थांबले ते कायमचे अडकले.

ते का अडकले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २० एप्रिल १९२७ रोजी महाराजा हरिसिंह यांनी ‘संस्थानचा प्रजाजन’ कोण, याची व्याख्या करणारी अधिसूचना काढली. संस्थानातील नोकऱ्या पंजाबातून आलेल्या सुशिक्षितांच्या हाती जात होत्या आणि त्याविरुद्धची ओरड प्रामुख्याने काश्मिरी पंडितांनीच केलेली होती. मराठवाड्यातील जुन्या वाचकांना निजामी राजवटीतील ‘मुलकी’ हा शब्द आठवत असेल, प्रकार तसाच. तेव्हा त्या अधिसूचनेचा उगम कोणाच्या द्वेषातून झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. राजाच्या राज्यात प्रजाजनांची यादी असू शकते. प्रश्न निर्माण झाला तो राजा गेला, प्रजासत्ताक आले आणि तरीही ती यादी तशीच राहिली तेव्हा. १४ मे १९५४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ‘३५ अ’ हे कलम राज्यघटनेला जोडण्यात आले. संसदेत त्यावर घटनादुरुस्ती म्हणून चर्चाही झाली नाही. पुढे राज्याची स्वतंत्र घटना झाली. त्या घटनेनुसार कायम रहिवासी कोण? तर १४ मे १९५४ रोजी जो संस्थानचा प्रजाजन होता तो, किंवा रीतसर स्थावर मालमत्ता मिळवून त्या तारखेपूर्वी किमान दहा वर्षे जो तेथे राहत होता तो. आता १९४७ साली अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसाने १९५४ साली दहा वर्षांचा रहिवास आणि मालकीची मालमत्ता कोठून आणावी? हिशेबच असा मांडला होता की उत्तर शून्यच यावे.

याच फाळणीने सिंधमधून उखडलेली लक्षावधी माणसे मुंबई प्रांतात आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत त्यांना उतरविण्यात आले. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पाण्याची वानवा, डासांचा सुळसुळाट, उघड्यावरचा संसार हे सारे त्यांनीही सोसले. परंतु महाराष्ट्राने त्यांना ‘तुम्ही येथले नाही’ असे कायद्याने कधी सांगितले नाही. त्यांनी दुकाने थाटली, कारखाने काढले, त्यांच्यातून नगरसेवक झाले, आमदार झाले. झेलमचे इंद्रकुमार गुजराल आणि गाह या खेड्यात जन्मलेले डॉ. मनमोहन सिंग या देशाचे पंतप्रधान झाले. कराचीचे लालकृष्ण अडवाणी उपपंतप्रधान झाले. या तिघांपैकी एखाद्याचे कुटुंब १९४७ साली जम्मूच्या वाटेने आले असते आणि तेथेच थांबले असते, तर त्याला तेथे तलाठ्याची नोकरीही मिळाली नसती.

ही अतिशयोक्ती नव्हे. कायम रहिवाशाचा दाखला नाही म्हणून राज्य सरकारची नोकरी नाही. तो नाही म्हणून राज्याच्या वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा नाही, शिष्यवृत्ती नाही. जातीने अनुसूचित, पण राज्याचा दाखला नसल्याने त्या राज्यात आरक्षणाचा लाभ नाही. कसायला मिळालेल्या जमिनीवर तीन पिढ्यांनी घाम गाळला, पण सातबाऱ्यासारख्या कोणत्याही कागदावर मालक म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणून बँकेत तारण नाही आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही. बाबासाहेबांनी ज्या वर्गासाठी घटनेत संरक्षणे घातली, त्याच वर्गातील माणूस रावी नदी ओलांडून जम्मूत गेला की ती संरक्षणे गळून पडत. पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्या व्यासपीठांवर दलितांच्या प्रश्नांची चर्चा आयुष्यभर ऐकली. पण तेथे जम्मूच्या या दलितांचे नाव अभावानेच निघाले. कारण उघड आहे. ते नाव घेतले की कलम ३७० चे नाव घ्यावे लागत होते.

न्यायालयाचे दार त्यांनी ठोठावले नाही असे नाही. १९८७ साली बचनलाल कलगोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची तक्रार रास्त असल्याचे मान्य केले. इतकी वर्षे राहूनही या माणसांना जमीन घेता येत नाही, पंचायतीला मत देता येत नाही, मुलांना शिकवता येत नाही, हे न्यायालयाला दिसले. परंतु राज्याच्या विशेष घटनात्मक स्थितीमुळे आम्ही दिलासा देऊ शकत नाही, तो राज्य विधिमंडळाने द्यावा, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. म्हणजे ज्या विधानसभेसाठी मत देण्याचा अधिकार नाही, त्याच विधानसभेपुढे पदर पसरा! आणि ती विधानसभा तेव्हा काय करून बसली होती? १९८२ साली तिने पुनर्वसन कायदा संमत केला. १ मार्च १९४७ ते १४ मे १९५४ या काळात पाकिस्तानात निघून गेलेल्या राज्यवासीयांना आणि त्यांच्या वारसांना परत येऊन वसता यावे, अशी ती तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो कायदा प्रत्यक्षात आला नाही, ही गोष्ट वेगळी. पाकिस्तानात गेलेल्याच्या नातवासाठी दार किलकिले करणाऱ्या सभागृहाला, पाकिस्तानातून पळून येऊन दाराशी बसलेल्याची आठवणही झाली नाही.

डिसेंबर २०१६ मधील प्रकार तर अधिक बोलका आहे. निमलष्करी दलांत भरती होऊ इच्छिणाऱ्या या समाजातील तरुणांना, ते कोण आहेत आणि कोठे राहतात एवढेच सांगणारे ओळखपत्र तहसील कार्यालयातून देण्यास सुरुवात झाली. मताधिकार नव्हे, जमीन नव्हे, केवळ एक ओळखपत्र. त्यावरून काश्मीर खोऱ्यात गदारोळ उठला, बंद पुकारले गेले आणि सरकारला खुलासे करावे लागले की हा रहिवासाचा दाखला नव्हे. त्या सरकारात भारतीय जनता पक्ष भागीदार होता, हेही नमूद केले पाहिजे. त्याआधी १९९८ ते २००४ या काळात केंद्रात अटलजींचे सरकार होते, तेव्हाही हा प्रश्न जागचा हलला नाही. आघाडीची अपरिहार्यता हे उत्तर राजकारणात खपते. सांब्याच्या शेतावर उभ्या असलेल्या माणसाला ते कसे पटावे?

या सत्तर वर्षांतील सर्वांत घातक गोष्ट कोणती असेल तर ती ही. दिल्लीत काश्मीरविषयी जेव्हा जेव्हा वाटाघाटी झाल्या, तेव्हा ज्यांच्यापाशी बंदूक होती, किंवा बंदूकधाऱ्यांशी ज्यांचे सूत होते, त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवली गेली. फुटीरतावादी नेत्यांना बोलावणी गेली, त्यांच्या सुरक्षेवर सरकारी पैसा खर्च झाला. ज्यांनी सत्तर वर्षांत एक दगड उचलला नाही, ज्यांची मुले संधी मिळेल तेव्हा लष्करी गणवेश घालायला निघाली, त्यांचे निवेदन फायलीत बंद झाले. शांततेने बसणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हा धडा एखादे राज्य आपल्याच नागरिकांना देत असेल, तर ते शांततेची मुळे स्वतःच खणत असते. या समाजाने तो धडा घेतला नाही, याबद्दल देशाने त्याचे ऋणी राहावयास हवे.

वाल्मीकी समाजाचे उदाहरण याहून लाजिरवाणे आहे. १९५७ साली सफाई कामगारांच्या संपाने जम्मू-काश्मीर सरकार अडचणीत आले, तेव्हा बक्षी गुलाम महंमद यांच्या राजवटीने पंजाबातून वाल्मीकी कुटुंबे आणवली. त्यांना राहण्याची मुभा दिली, दाखलेही दिले, पण अटीसह: नोकरी मिळेल ती केवळ सफाई कामगाराची. मुलगी पदवीधर झाली तरी हाती झाडूच. अस्पृश्यतानिवारणाचे कलम ज्या घटनेत आहे त्याच घटनेच्या परिशिष्टाच्या आधाराने ही अट सहा दशके टिकली. आणि स्त्रियांचे काय? राज्याबाहेरील पुरुषाशी विवाह केला की मुलीचा रहिवासाचा हक्क जात असे. ऑक्टोबर २००२ मध्ये उच्च न्यायालयाने सुशीला साहनी खटल्यात तो हक्क कायम राखला, तर मार्च २००४ मध्ये विधानसभेने तो निकाल निष्प्रभ करणारे विधेयक मंजूर करून टाकले. विधान परिषदेत ते अडले म्हणून बचाव झाला. मुलांना हक्क मिळणे तरीही दूरच राहिले.

५ ऑगस्ट २०१९ रोजी हा सारा डोलारा कोसळला. मे २०२० मध्ये रहिवासाचे नवे नियम आले: पंधरा वर्षांचा रहिवास असलेल्याला अधिकार. निर्वासितांना, वाल्मीकींना, गोरख्यांना दाखले मिळाले. त्याच वर्षाअखेरीस जिल्हा विकास परिषदांच्या निवडणुकीत त्यांनी प्रथमच स्थानिक मतदान केले आणि २०२४ मध्ये विधानसभेचे. ११ डिसेंबर २०२३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ३७० विषयीचा निर्णय वैध ठरविला, तेव्हा या अधिकारांना भक्कम पाया मिळाला. २०२४ च्या निवडणुकीत सरकार नॅशनल कॉन्फरन्सचे आले. निर्वासितांच्या मताने ते थांबले नाही आणि त्यांच्या मताने कोणाचे आकाशही कोसळले नाही.

कोसळण्याची भीती मात्र फार घालण्यात आली होती. लोकसंख्येचा तोल बिघडेल, काश्मीरची ओळख पुसली जाईल, असे सांगितले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सव्वा कोटी. निर्वासितांच्या संघटना स्वतःची संख्या दीड लाखाच्या आसपास सांगतात. म्हणजे शंभरात एक, आणि तीही जम्मूच्या मैदानी भागात, खोऱ्यात नव्हे. ज्या खोऱ्यातून १९९० साली पंडितांना रातोरात घर सोडावे लागले, तेथील राजकारण्यांनी लोकसंख्येच्या तोलाची काळजी वाहावी, याला काय म्हणावे? तरीही एक गोष्ट आपण आपल्या मनाशी स्पष्ट ठेवली पाहिजे. आपली जमीन, आपली नोकरी, आपली भाषा टिकावी ही इच्छा देशद्रोह नव्हे. ५ ऑगस्टच्या निर्णयाचे सर्वांत मनापासून स्वागत लेहने केले होते. त्याच लेहमध्ये सहाव्या अनुसूचीची मागणी वाढत गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील हिंसाचारात चौघांचा बळी गेला. लडाखच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा आहे? कडाक्याच्या थंडीत सैन्याच्या खांद्याला खांदा लावणारी ती माणसे आहेत. खोऱ्यातील सामान्य माणसानेही २०१९ नंतर महिनोन्‌महिने इंटरनेटविना काढले. फुटीरतेशी काही संबंध नसलेल्या विद्यार्थ्याने आणि फळबागायतदारानेही ती किंमत मोजली. स्थानिकांचे रक्षण आणि शेजाऱ्याचे हक्क हिरावणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ‘३५ अ’चा गुन्हा दुसरा होता. पहिली गरज भागविण्याचे मार्ग भारतीय घटनेत आहेत आणि ते हिमाचलात, ईशान्येत वापरलेही गेले आहेत.

शांततेचा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही. या निर्वासितांची बरीच वस्ती आंतरराष्ट्रीय सीमेला लागून आहे. ज्या सियालकोटहून ते निघाले, त्याच्याच बाजूने तोफगोळे येतात. नोव्हेंबर २००३ ची शस्त्रसंधी काही वर्षे टिकली, पुढे ढासळली. २५ फेब्रुवारी २०२१ च्या घोषणेनंतर पुन्हा शेते नांगरली गेली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली, त्यांत सहा महाराष्ट्रातील होते. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर पाकिस्तानने सीमेवर गोळाफेक केली. पूंछमध्ये प्राण गेलेल्यांत हिंदू होते, शीख होते, मुसलमान होते. मुंबई-पुण्यात दूरचित्रवाणीवर युद्धाचा ज्वर चढतो तेव्हा अखनूरच्या गावातले कुटुंब गुरे सोडून तळघरात बसलेले असते. पाकिस्तानला धडा शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. धडा शिकविताना पहिला तडाखा ज्यांना बसतो त्यांच्यासाठी बंकर पुरेसे आहेत का, हे विचारणे हेही राष्ट्रकार्यच आहे. नियंत्रणरेषेलगतच्या गावांना आरक्षणाचा लाभ होता, आंतरराष्ट्रीय सीमेलगतच्या गावांना नव्हता. गोळे मात्र दोन्हीकडे सारखेच पडत. हा भेद दूर व्हायला २०१९ साल उजाडावे लागले.

मताधिकार मिळाला म्हणजे काम संपले, असा समज दिल्लीतील अधिकाऱ्यांनी करून घेऊ नये. केंद्राने २०१८ मध्ये प्रतिकुटुंब साडेपाच लाख रुपयांची मदत मंजूर केली. ती देताना १९४७ चे पुरावे मागितले जातात. जळत्या गावातून निघालेल्या आजोबांनी कोणता शिक्का मारून आणायचा होता? एका मूळ कुटुंबाची आज तीन-चार कुटुंबे झाली आहेत, ती रक्कम कोणामध्ये कशी वाटायची, यावरून भावाभावांत तंटे होण्याचा संभव आहे. जुलै २०२४ मध्ये सरकारी जमिनीवर मालकीहक्क देण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला, तो स्वागतार्हच. परंतु श्रीनगर-जम्मूत झालेला निर्णय आणि पटवाऱ्याच्या दप्तरातील फेरफार यांतले अंतर ज्याने कधी शेतीचा खटला चालविला आहे त्याला सांगावयास नको. तालुकावार किती फेरफार झाले, किती राहिले, याची यादी सरकारने प्रसिद्ध करावी.

पाकव्याप्त प्रदेशातून विस्थापित झालेल्यांचा प्रश्न याहून निराळा आणि तितकाच जुना. मीरपूर, मुझफ्फराबादकडून आलेली ही माणसे संस्थानची प्रजाच होती, त्यामुळे मताधिकार त्यांना पूर्वीपासून आहे. परंतु त्यांच्या मूळ प्रदेशासाठी विधानसभेत राखलेल्या २४ जागा रिकाम्याच राहिल्या. २०२३ च्या दुरुस्तीने त्यांच्यातील एकाला आणि काश्मिरी विस्थापितांतील दोघांना विधानसभेवर नामनिर्देशित करण्याची तरतूद केली. २४ रिकाम्या खुर्च्यांपुढे एक नामनिर्देशित सदस्य! संसदेने फेब्रुवारी १९९४ मध्ये तो प्रदेश भारताचा असल्याचा एकमुखी ठराव केला होता. त्या ठरावाला अर्थ असेल तर तेथील माणसांचा आवाज सभागृहात आजच ऐकू आला पाहिजे.

आणि एक दक्षता. राज्याच्या दर्जाविषयी, विशेष संरक्षणांविषयी जी बोलणी होतील, त्यांत २०२० नंतर दाखले मिळालेल्यांचे हक्क हा सौद्याचा विषय होता कामा नये. जम्मूच्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, हे सभागृहात नोंदवून ठेवावे. मतदार आता त्यांचेही आहेत.